वेगाचे माप आणि मापातील पाप

बाजारात वस्तू घ्यावयास निघालेला मनुष्य भावाविषयी घासाघीस करतो, मालाची प्रत पारखून पाहतो. मापाविषयी मात्र तो सहसा शंका घेत नाही. किलो म्हणजे किती आणि लिटर म्हणजे किती, हे दुकानदाराने ठरवावयाचे नसते. ते कायद्याने ठरविलेले असते आणि काट्यावर तपासणीचा शिक्का असावा लागतो. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला कारखान्याच्या वजनकाट्यावरील काटामारी, किंवा दूध उत्पादकाला फॅट मोजण्याचे यंत्र, हे विषय इतके का झोंबतात? भाव कितीही चांगला ठरला तरी माप खोटे असेल तर त्या भावाला अर्थ उरत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते म्हणून. शिक्षक, कारकून, पेन्शनर अशा मध्यमवर्गीय घरांतून गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू दरमहा विकत घेतली जाऊ लागली आहे. ती म्हणजे तारेने घरापर्यंत येणारी इंटरनेट सेवा. तिच्या भावाची चर्चा सर्वत्र चालते. तिच्या मापाची चर्चा मात्र क्वचितच होते. आणि खरा प्रश्न मापाचाच आहे.

ही सेवा म्हणजे चैन आहे, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. २०२० च्या साथीत शाळा आणि महाविद्यालये महिनोन् महिने घरातून चालली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा मोठ्या प्रमाणावर घरबसल्या द्याव्या लागल्या. शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेश परीक्षांची नोंदणी, महाविद्यालयांचे पसंतीक्रम हे सारे आता संगणकावर भरावयाचे असते. २०२५ पासून अकरावीची केंद्रीय प्रवेशप्रक्रियाही संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन यांच्या खटल्यात इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचाच भाग मानला. जी सेवा न्यायालय हक्काच्या पंक्तीला बसविते, ती ग्राहकाला नेमकी किती मिळते हे सांगण्याची व्यवस्था नसावी, ही विसंगती लहान नव्हे.

व्याख्येची कासवगती

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. दूरध्वनीची तार मोडेमला जोडावयाची, क्रमांक फिरवावयाचा आणि जोडणी होईपर्यंत त्या यंत्राची घरघर ऐकत बसावयाचे, असा तो काळ होता. संगणक जोडलेला असेपर्यंत घरातील दूरध्वनी अडकून पडे आणि मीटर चालूच राही. १९९८ च्या अखेरीस निगमाची मक्तेदारी संपली व खासगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. तेव्हा माप वेळेचे होते. ग्राहक तास विकत घेत असे, आणि तास तर घड्याळावर कोणालाही मोजता येतो.

मापाचे स्वरूप बदलले ते ब्रॉडबँडच्या आगमनाने. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि दर सेकंदास किमान २५६ किलोबिट उतरवून घेता येतील अशा जोडणीलाच ब्रॉडबँड म्हणावे, अशी व्याख्या केली. २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे उद्दिष्ट त्या धोरणात होते. प्रत्यक्षात २०१० च्या अखेरीस ही संख्या १ कोटी १० लाखांच्या आसपास होती. पुढे २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात ही किमान मर्यादा आधी ५१२ किलोबिट आणि २०१५ पर्यंत २ मेगाबिट करण्याचा संकल्प सोडण्यात आला. ५१२ किलोबिटची व्याख्या २०१३ मध्ये आली. २ मेगाबिटची व्याख्या मात्र जानेवारी २०२३ मध्ये राजपत्रात उमटली. म्हणजे २०१५ चे काम २०२३ मध्ये पुरे झाले. तोपर्यंत बाजारात १०० आणि २०० मेगाबिटच्या योजना सर्रास विकल्या जात होत्या. कायद्याने 'कमीत कमी' म्हणून जे सांगितले आणि जाहिरातीने 'जास्तीत जास्त' म्हणून जे सांगितले, त्या दोहोंमध्ये एवढी प्रचंड पोकळी निर्माण झाली, आणि ग्राहक आज त्या पोकळीत उभा आहे.

'पर्यंत' या शब्दाची किमया

कोणत्याही सेवेची जाहिरात पाहावी. १०० मेगाबिट 'पर्यंत', ३०० मेगाबिट 'पर्यंत', अशी भाषा तीत आढळते. मराठीत 'पर्यंत' हे एक निरुपद्रवी शब्दयोगी अव्यय आहे. परंतु करारात ते शिरले, की सारा करार पोकळ करून टाकते. शून्यापासून १०० पर्यंतचा कोणताही वेग दिला तरी 'शंभरपर्यंत' हे वचन मोडत नाही. वाण्याने 'एक किलोपर्यंत साखर' असे लिहून पुडी विकावयास ठेवली, तर गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी चढणार नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र हीच भाषा आपण निमूटपणे स्वीकारली आहे.

याखेरीज एकक हेही गोंधळाचे मूळ आहे. वेग मोजतात तो बिटमध्ये आणि संगणकातील धारिणीचा आकार दाखविला जातो तो बाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण क्षमतेने चालली तरी एका सेकंदात १२.५ मेगाबाइटच उतरतात. ७०० मेगाबाइटचा चित्रपट ७ सेकंदांत येईल असे मानणाऱ्यास तो येण्यास ५६ सेकंद लागतात, तेही सर्व काही सुरळीत चालले तर. यात लबाडी नाही. पण ज्या जाहिरातीत मोठा आकडा दाखवावयाचा असतो तीत बिट का वापरले जातात, हे समजण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

दुसरी बाब दिशेची. उतरवून घेण्याचा वेग आणि वर पाठविण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून मिळणाऱ्या जुन्या ब्रॉडबँडमध्ये दुसरा वेग पहिल्याच्या मानाने फारच थोडा असे. ऑप्टिकल फायबरवर दोन्ही वेग सारखे देता येतात. पण ते दिले जातातच असे नाही. चित्रपट पाहणाऱ्याला पहिला वेग हवा असतो. ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला आणि उत्तरपत्रिकेची छायाचित्रे वेळेत पाठवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरा. जाहिरातीत ठळक अक्षरांत असतो तो बहुधा पहिलाच.

तिसरी बाब भावाची. ठळक किंमत ४९९ रुपये असेल तर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळवून प्रत्यक्ष देयक ५८८ रुपये ८२ पैसे होते. ठरावीक वापर झाल्यावर वेग उतरविण्याची पद्धतही जुनी आहे. 'अमर्याद' योजनेतील ही मर्यादा बारीक अक्षरांत लपविली जाई. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१६ मध्ये निर्देश काढून मर्यादा किती, तीपूर्वीचा वेग किती आणि नंतरचा किती, हे स्पष्ट सांगण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि तारेच्या जोडणीचा वेग कोणत्याही योजनेत ५१२ किलोबिटच्या खाली नेण्यास मनाई केली. नियामकाने मनावर घेतले तर माप स्पष्ट करता येते, हा या निर्देशाचा धडा आहे.

कालव्याच्या शेपटाकडील ग्राहक

वेग कमी का पडतो, हे समजून घेतल्याशिवाय कोणावरही दोषारोप करणे योग्य होणार नाही. घरगुती इंटरनेट ही मुळातच वाटून घेण्याची सेवा आहे. कंपनी प्रत्येक घराला १०० मेगाबिटची योजना विकते. पण ५० घरांसाठी ५,००० मेगाबिटची वाट राखून ठेवीत नाही. सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरणार नाहीत, या गृहीतावर ती बरीच अरुंद वाट घेते आणि ती सर्वांत वाटते. नियामक प्राधिकरणाने मार्च २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी एकास तीस, असे वाटेकऱ्यांचे प्रमाण सांगितले होते.

हे प्रमाण ऐकून दचकण्याचे कारण नाही. वाटेकरी असणे ही फसवणूक नव्हे. किंबहुना त्यामुळेच ही सेवा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. एकट्यासाठी राखून ठेवलेली जोडणी बँका आणि मोठी कार्यालये घेतात आणि तिचे दर घरगुती दरांच्या कित्येक पट असतात. शिवाय पन्नास घरांपैकी दुपारी तीन वाजता पाचच घरे जागी असतील, तर त्या पाचांना पुरेपूर वेग मिळू शकतो. अडचण सुरू होते ती रात्री आठनंतर. घरोघर मंडळी परतलेली असतात, कोणी मालिका लावतो, कोणी परदेशातील मुलाशी बोलत असतो, कोणी अभ्यासाचे व्याख्यान ऐकतो. अशा वेळी १०० मेगाबिटच्या वाटेवर वीस घरे एकदम आली तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ मेगाबिट येतात. एक चित्रपट चांगल्या प्रतीत पाहण्यास तेवढे पुरतात. पण त्याच घरात दुसऱ्या खोलीत विद्यार्थिनीचा वर्ग चालू असेल, तर दोघांपैकी एकाला थांबावे लागते.

महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेतकऱ्याला पाणी मिळते आणि शेपटाकडील शेतकरी पाळीची वाट पाहत राहतो. सिंचनाच्या कागदावर मात्र दोघांचेही क्षेत्र 'ओलिताखालील' असेच नोंदविलेले असते. इंटरनेटच्या कागदावरही दोन्ही ग्राहक 'शंभर मेगाबिटचे' असतात. प्रश्न असा, की वाटेकरी किती आहेत आणि गर्दीच्या तासाला वाट्याला किमान किती येणार, हे ग्राहकाला पैसे देण्यापूर्वी कळावे की नाही?

नियम नव्हतेच असे नाही. २००६ च्या गुणवत्ता विनियमांत ग्राहकाने घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळाला पाहिजे, असे मानक होते. परंतु हा वेग मोजावयाचा कोठून कोठपर्यंत? कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत. केंद्राच्या पलीकडे जी वाट जगाकडे जाते, तिच्यावरील गर्दी या मापात धरली जात नव्हती. गावातील टाकीपासून नळापर्यंतचा दाब तपासावा आणि टाकीत पाणी किती आले हे विचारूच नये, असा हा प्रकार झाला. शिवाय अशी मानके संपूर्ण सेवाक्षेत्राच्या सरासरीवर तपासली जातात. सरासरी उत्तम असूनही एखाद्या विशिष्ट घराची दैना होऊ शकते, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून निरनिराळे जुने विनियम एकत्र करून नवे विनियम लागू करण्यात आले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि एकेका ग्राहकाला लेखी, किमान वेगाची हमी आणि ती न पाळल्यास सुटण्याचा मार्ग, ही मूळ उणीव तेवढ्याने भरून निघत नाही.

डब्यावरचे आकडे

दोष नेहमी कंपनीचाच असतो, असेही नाही. तार घरात आल्यावर पुढचा प्रवास राउटर नावाच्या पेटीतून होतो, आणि या पेटीच्या डब्यावरील आकड्यांचीही तीच कथा आहे. बाजारात '१२००' असा आकडा मिरविणारे राउटर मिळतात. तो आकडा २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरील ३०० मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरील ८६७ मेगाबिट यांची बेरीज करून आणि ती वरच्या शेकड्यात नेऊन तयार झालेला असतो. सर्वसाधारण फोन किंवा संगणक एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडला जातो. म्हणजे डब्यावरील वेग कोणत्याही एका यंत्राला कधीच मिळावयाचा नसतो. दोन रस्त्यांच्या वेगमर्यादांची बेरीज करून गाडीचा वेग सांगावा, तसे हे गणित आहे.

यांपैकी पहिला पट्टा भिंतींतून अधिक दूर पोहोचतो. पण त्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांची गर्दी असते. दुसरा वेगवान आहे. पण एकदोन भिंती आडव्या आल्या की तो क्षीण होतो. स्वस्त राउटरमध्ये पुष्कळदा पहिलाच पट्टा असतो आणि तार जोडण्याचे त्याचे छिद्रही १०० मेगाबिटपुरतेच केलेले असते. अशा घराने ३०० मेगाबिटची योजना घेतली तर जादा दोनशे मेगाबिटचे पैसे दरमहा पाण्यात जातात. तक्रार केल्यावर कंपनी ग्राहकाच्या राउटरकडे बोट दाखविते, राउटर विकणारा कंपनीकडे. आणि दोघांचेही म्हणणे अर्धेमुर्धे खरे असते.

इतर उपकरणांतही हाच प्रकार दिसतो. १ टेराबाइटची तबकडी विकत घेतली की बहुतेक संगणक ती ९३१ गिगाबाइटची असल्याचे दाखवितात. कारण उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक १,०२४ च्या. प्रवासात फोन भारित करण्यासाठी घेतलेल्या १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पेटीची क्षमता आतील घटाच्या ३.७ व्होल्टवर मोजलेली असते. फोनकडे वीज सामान्यतः जाते त्या ५ व्होल्टवर हिशेब केला तर ती ७,४०० भरते, आणि रूपांतरातील गळती धरली तर त्याहूनही कमी. यांपैकी एकही आकडा धादांत खोटा नाही. मात्र अनेक खऱ्या आकड्यांतून विक्रेत्याला सोयीचा तेवढा निवडावयाचा, ही रीत सर्वत्र रूढ झाली आहे.

प्रामाणिक विक्रेत्याचे मरण

येथे कोणी असे म्हणेल, की बाजारात स्पर्धा आहे. वाईट सेवा देणारा आपोआप मागे पडेल. स्पर्धेचे लाभ नाकारण्यात अर्थ नाही. २०१६ नंतर मोबाइलवरील आणि २०१९ नंतर फायबरवरील दरयुद्धाने जे साधले, ते सरकारी धोरणांना अनेक वर्षांत साधले नव्हते. परंतु स्पर्धा ज्या गुणावर चालते तो गुण ग्राहकाला दिसला पाहिजे, ही तिची पूर्वअट आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवून दिले. विकणाऱ्याला मालाचे खरे स्वरूप ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, अशा बाजारात घेणारा सर्वच मालाला सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही, म्हणून चांगला माल विकणारा बाजारातून निघून जातो. माहितीच्या या विषमतेवरील संशोधनासाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये आणखी दोघांसमवेत नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला.

एखाद्या तालुक्याच्या गावातील दोन केबलचालकांची कल्पना करावी. पहिला वाटेकरी कमी ठेवतो आणि 'रात्री नऊ वाजताही ४० मेगाबिट' असे प्रामाणिकपणे सांगतो. दुसरा दुप्पट ग्राहक जोडून त्याच किमतीत '१०० मेगाबिटपर्यंत' अशी पाटी लावतो. ग्राहक कोणाकडे जाईल? मोठ्या आकड्याकडे. पहिल्याचा खर्च अधिक आणि ग्राहक कमी. वर्षभरात त्यालाही पाटी बदलावी लागते, नाहीतर धंदा. खोट्या मापाने ग्राहकाचे नुकसान होते हे सर्वांना दिसते. खऱ्या मापाने विकू पाहणाऱ्याचा त्यात बळी जातो, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. शिवाय कित्येक इमारतींत एकदोनच कंपन्यांच्या तारा आलेल्या असतात, सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ घेतलेले असतात, आणि दूरध्वनीच्या क्रमांकाप्रमाणे ही जोडणी एका कंपनीकडून दुसरीकडे उचलून नेता येत नाही. अशा ठिकाणी 'नको असेल तर बदला' हा सल्ला पोकळ ठरतो.

यातून आणखी एक अनिष्ट गोष्ट घडते. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दूरसंचार धोरणाने २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० मेगाबिटचे ब्रॉडबँड आणि निम्म्या घरांना तारेची जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात २०२४ च्या अखेरीस मोबाइल ब्रॉडबँडचे ग्राहक ९० कोटींच्या आसपास होते, तर तारेचे ४ कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेनेच देशात सुमारे २५ कोटी कुटुंबे मोजली होती. म्हणजे निम्मी घरे तर राहोच, सहावा हिस्साही गाठला गेला नाही. याची कारणे अनेक आहेत. पण धोरणे वेगाचे आकडे जाहीर करीत असता तो वेग कोणी, कोठे आणि कोणत्या वेळी मोजावयाचा हेच ठरलेले नसेल, तर उद्दिष्ट साध्य झाले की नाही यावर गंभीर चर्चाही होऊ शकत नाही.

इतरत्र काय केले गेले

ब्रिटनमध्ये दीर्घकाळ 'पर्यंत'चीच भाषा चालत असे, आणि दहांतील एका ग्राहकाला तो वेग मिळाला तरी जाहिरात वैध मानली जाई. मे २०१८ पासून तेथील जाहिरातविषयक नियम बदलले. रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना जो वेग मिळतो, तोच 'सरासरी' म्हणून जाहिरातीत सांगावा, असे ठरले. मार्च २०१९ पासून तेथील नियामकाच्या सुधारित आचारसंहितेनुसार तिच्यात सामील झालेल्या कंपन्या करारापूर्वीच ग्राहकाला किमान वेगाची हमी देतात. वेग त्याखाली गेला आणि कंपनीला ३० दिवसांत तो सुधारता आला नाही, तर ग्राहक दंडाविना करारातून मुक्त होऊ शकतो. ही संहिता ऐच्छिक आहे, तरीही तिने बाजाराची भाषा बदलली. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रत्येक योजनेबरोबर किंमत, वेग, विलंब आणि वापरमर्यादा एकाच ठरावीक नमुन्यात दाखविणारी पट्टी लावणे कंपन्यांवर बंधनकारक झाले.

आपल्याकडेही या कल्पनेला पूर्वपरंपरा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांची पट्टी आणली. आज शीतकपाट घेणारी गृहिणी तारे मोजते आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल हे वाचते. त्याहीपूर्वी, १९५६ च्या कायद्याने मण, शेर, पायली यांचे प्रांतोप्रांतीचे निरनिराळे अर्थ मोडून काढून दशमान मापे आणली गेली. तेव्हाही व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, लोकांना हिशेब अवघड वाटला. परंतु एका पिढीत ते माप रक्तात भिनले. राष्ट्रीय बाजारपेठ केवळ रस्त्यांनी उभी राहिली नाही. तिला समान मापांचीही साथ होती.

करता येण्याजोगे

अपेक्षा फार मोठ्या नाहीत. प्रत्येक योजनेवर रात्री आठ ते दहा या वेळेतील सरासरी वेग, उतरविण्याचा आणि पाठविण्याचा दोन्ही, छापणे सक्तीचे करावे. किंमत करासहित लिहावी. करारात प्रत्येक जोडणीसाठी किमान वेग नमूद असावा आणि तो ३० दिवसांत न मिळाल्यास उरलेले आगाऊ पैसे परत देऊन ग्राहकाला मोकळे करावे. वेगाची तपासणी कंपनीच्या स्वतःच्या अहवालावर न सोपविता त्रयस्थ यंत्रणेने निवडक घरांत उपकरणे बसवून करावी आणि निकाल शहरवार प्रसिद्ध करावेत. वाटेकरी ठेवण्यास बंदी घालावी असे यात कोठेही नाही. बंदी घातली तर सेवा महाग होईल आणि तिचा भार याच वर्गावर पडेल. वाटेकरी असोत, मात्र वाटा किती, ते लिहून द्यावे.

कायदा होईपर्यंत ग्राहक अगदीच असहाय आहे, असेही नाही. संगणक राउटरला तारेने जोडून, इतर उपकरणे बंद ठेवून, आठवडाभर रोज रात्री नऊ वाजता दोन्ही वेग मोजून एका वहीत लिहून ठेवावेत. तारेवर वेग ठीक येत असेल तर दोष राउटरात किंवा त्याच्या जागेत आहे. तारेवरच कमी येत असेल तर तो कंपनीकडे आहे. मग तक्रार लेखी करावी, तिचा क्रमांक घ्यावा आणि दाद न लागल्यास २०१२ च्या विनियमांनुसार कंपनीतील अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. ग्राहक आयोगाचे दार बंद आहे, असा समज बरीच वर्षे होता. २००९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा तसा अर्थ लावला जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने दूरसंचार सेवेविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असा स्पष्ट निर्वाळा दिला. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारातील तक्रारीला शुल्कही लागत नाही.

तरीही हा मार्ग एकेकट्याने चालण्याचा नव्हे. एका घरातील वही हा तक्रारीचा कागद ठरतो. एका गृहनिर्माण संस्थेतील चाळीस घरांच्या वह्या हा पुरावा ठरतो. शिक्षक संघटना, कर्मचारी संघटना, महाविद्यालयांतील विद्यार्थी मंडळे यांनी वेतनश्रेणी आणि शुल्क यांबरोबरच या मापाचा प्रश्नही हाती घ्यावयास हवा. अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री ज्या घरात पडद्यावरील चक्र फिरतच राहते, त्या घरातील मुलाचे प्रवेशाचे वर्ष हुकू शकते आणि त्याची नोंद कोणत्याही सरासरीत होत नाही. नियामकाने यापुढील विनियम आखताना त्या घरातील रात्री नऊचा वेग समोर ठेवावा, आणि ग्राहकांनी तो मोजून त्याच्यापुढे ठेवावा.